तीन अँगस्ट्रॉमचा फरक

नमस्कार मंडळी. आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जण दचकले असतील, पण त्यासाठी लागणारं सामान अगदी थोडं आहे. एक जीवाणू, त्याचा डीएनए, त्या डीएनएवर बसणारं एक प्रथिन आणि त्या प्रथिनाच्या पोटातल्या खोबणीत शिरणारा एक छोटा रेणू. एवढं पुरे.

जीवाणू म्हणजे आपला ई. कोलाय. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या आतड्यात तो नांदतो आहे. लांबी दोनेक मायक्रॉन, जनुकं सुमारे ४,३००. ही सगळी जनुकं एकदम चालू ठेवणं त्याला परवडत नाही, कारण प्रथिनं बनवणं हे पेशीचं सगळ्यात खर्चिक काम आहे. समोर दूध नसताना दुधातली साखर पचवण्याची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बनवत बसणारा जीवाणू काटकसरीने राहणाऱ्या शेजाऱ्यापुढे टिकत नाही. मग समोर काय आहे हे त्याला कळतं कसं? डोळे नाहीत, मेंदू नाही. कळतं ते प्रथिनाच्या आकारातून. साखरेचा एक रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसतो आणि त्या खोबणीपासून बऱ्याच अंतरावर, प्रथिनाच्या दुसऱ्याच टोकाला, डीएनएवरची पकड सुटते. इथे शिरलं आणि तिथे सुटलं, एवढीच ही गोष्ट. शास्त्रज्ञ तिला ॲलोस्टेरी म्हणतात.

डीएनएवर बसून जनुक बंद ठेवणाऱ्या या प्रथिनाला रिप्रेसर म्हणतात, दुधातल्या साखरेला लॅक्टोज. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकतात: 'लॅक्टोज रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसरचा आकार बदलतो, तो डीएनएवरून सुटतो.' या एका ओळीत दोन गफलती आहेत. पहिली अशी की लॅक्टोज मुळी चिकटतच नाही. दुसरी 'आकार बदलतो' या शब्दांत आहे आणि ती जास्त खोल आहे. ते वाचताना असं वाटतं की प्रथिन एका आकारात निपचित पडलं होतं आणि रेणूने येऊन त्याला वाकवलं. तसं होत नाही. कसं होतं ते सांगायलाच आज मी उभा आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. जाक मोनो नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ सॉरबॉनमध्ये डॉक्टरेटसाठी जीवाणू वाढवत होता. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात. त्याने जीवाणूंना एकाच वेळी दोन साखरा दिल्या. वाढीचा आलेख सरळ चढायला हवा होता, पण तो चढला, मध्येच सपाट झाला, थोडा वेळ तसाच राहिला आणि पुन्हा चढला. जीवाणूंनी आधी ग्लुकोज संपवलं, मग जरा थांबले, मग दुसऱ्या साखरेला हात घातला. मोनोने हा आलेख आंद्रे ल्वॉफ या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाला दाखवला. याचा संबंध विकरांच्या अनुकूलनाशी असेल, असं ल्वॉफने सुचवलं. ही भानगड काय असते हे मोनोला तेव्हा ठाऊकही नव्हतं. १९४१मध्ये त्याचा प्रबंध झाला, आणि आलेखातल्या त्या सपाट तुकड्याचा अर्थ लावण्यात पुढची वीस वर्षं गेली.

त्या काळातली प्रचलित समजूत अशी होती की साखर स्वतःच विकराला घडवते. विकर साखरेभोवती साच्यासारखं बेततं, म्हणून ज्या साखरेसाठी विकर हवं तीच साखर त्याला जन्म देते. ऐकायला किती पटण्यासारखं! ही समजूत मोडली ती मोनो आणि मेल्व्हिन कोन यांच्या कामाने. त्यांनी लॅक्टोजसारखे दिसणारे पण ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेले रेणू वापरले. विकराला ते तोडता येत नव्हते, पचवण्याच्या दृष्टीने ते निरुपयोगीच होते. पण ते दिले की पेशी विकर धडाधड बनवू लागायची. उलट काही रेणू विकर व्यवस्थित तोडायचं, पण ते विकर बनवायला चालना अजिबात देत नव्हते. म्हणजे इशारा ओळखणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा. दोघांनी वेगवेगळ्या खोबणींतून साखरेकडे बघायचं, आणि एकाचं मत दुसऱ्याशी जुळलंच पाहिजे असा रसायनशास्त्राचा कोणताही नियम नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा शोध आहे, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

त्याच गंधकवाल्या कुळातला एक रेणू म्हणजे आयपीटीजी. इथे बायोटेक्नॉलॉजीचे विद्यार्थी असतील, त्यांना हे नाव घरच्या माणसासारखं. फ्रीजरमध्ये उणे वीसला ठेवलेल्या छोट्या ट्यूबा, शेकरवर फिरणारा फ्लास्क, ओडी, म्हणजे पेशी वाढल्याने आलेला गढूळपणा, शून्य पॉइंट सहाच्या आसपास आली की त्यात आयपीटीजी टाकायचं आणि वहीत वेळ लिहायची. 'मॅडम, इंड्यूस केलं.' तीन-चार तासांनी पेशी फोडल्या की जेलवर हव्या त्या प्रथिनाचा जाडजूड पट्टा दिसतो. पेशी आयपीटीजी खाऊ शकत नाही, म्हणून ते संपत नाही आणि जनुक चालूच राहतं. पेशीच्या दृष्टीने ही शुद्ध फसवणूक आहे. रोज हजारो प्रयोगशाळांत ती बिनबोभाट चालते, ती त्या इशारा आणि कामाच्या फारकतीमुळेच.

तो इशारा ओळखणारा कोण, हे १९५९च्या आर्थर पार्डी, फ्रांस्वा जाकोब आणि मोनो यांच्या प्रयोगाने स्पष्ट होऊ लागलं. तिघांच्या नावांवरून त्याला 'पाजामा प्रयोग' म्हणतात. १९६१मध्ये जाकोब आणि मोनो यांनी सगळा आराखडा मांडला: जनुकांच्या सुरुवातीला डीएनएचा एक छोटा तुकडा, ऑपरेटर, त्यावर ठाण मांडून बसणारा रिप्रेसर, तो बसलेला असेपर्यंत जनुकं बंद. गंमत म्हणजे तेव्हा त्यांना वाटत होतं की रिप्रेसर हा आरएनए असावा. तो प्रथिन आहे हे १९६६मध्ये हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी दाखवलं. कसं? किरणोत्सारी आयपीटीजी घेतलं, पेशीचा अर्क एका अर्धपारगम्य पिशवीत भरला आणि पिशवीच्या आत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त आयपीटीजी अडकून राहतं का ते मोजलं. अडकत होतं. काम अवघड, कारण अख्ख्या पेशीत या रिप्रेसरचे रेणू असतात जेमतेम दहाएक. लाखो प्रथिनांच्या गर्दीत दहा!

आता लॅक्टोज चिकटत नाही म्हणालो त्याचं. रिप्रेसरच्या खोबणीत बसतो तो ॲलोलॅक्टोज. लॅक्टोजचेच दोन तुकडे थोड्या वेगळ्या सांध्याने जोडलेले. आणि तो बनवतं कोण? लॅक्टोज तोडणारं तेच विकर, बीटा-गॅलॅक्टोसिडेझ, ज्याचं जनुक बंद आहे! कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आत, असा प्रकार. यातून वाट निघते कारण कुलूप कधीच पूर्ण बंद नसतं. रिप्रेसर अधूनमधून ऑपरेटरवरून सुटतो, तेवढ्यात विकराचे मोजके रेणू बनतात, आणि लॅक्टोज आला की तेवढेच रेणू त्याचा थोडा ॲलोलॅक्टोज करतात. ही गळती काही ढिसाळपणा नव्हे, तिच्यावाचून यंत्रणा सुरूच झाली नसती.

आता जरा जवळ जाऊन बघू. डीएनएच्या पिळाला दोन खाचा असतात, एक रुंद, एक अरुंद. जनुकांवर ताबा ठेवणारी बरीचशी प्रथिनं जोडीने काम करतात. दोन सारखे भाग एकमेकांना चिकटलेले, आणि प्रत्येकाकडे एक छोटा हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा स्प्रिंगसारखा वळलेला तुकडा, जो रुंद खाचेत शिरून तिथली अक्षरं वाचतो. डीएनएचा एक पूर्ण पीळ म्हणजे अक्षरांच्या साडेदहा जोड्या, अंतरात ३४ अँगस्ट्रॉम. दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर. दोन्ही हेलिक्स डीएनएच्या एकाच अंगाला, लागोपाठच्या दोन खाचांत बसायचे तर त्यांच्यातलं अंतरही साधारण ३४ अँगस्ट्रॉम हवं. मातीच्या रस्त्यावर गाड्यांनी पाडलेली चाकोरी आठवा. बैलगाडीच्या दोन चाकांतलं अंतर चाकोरीच्या मापाचं असेल तर गाडी आपोआप रुतून बसते. ते थोडं जरी कमी-जास्त झालं तर एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर. आजच्या गोष्टीतल्या बहुतेक प्रथिनांमध्ये छोटा रेणू एवढंच करतो: दोन चाकांमधलं अंतर बदलतो.

लॅक रिप्रेसरचं बघा. ३६० अमिनो आम्लांची एक साखळी, अशा चार साखळ्या मिळून एक रिप्रेसर. म्हणजे दोन जोड्यांची जोडी. प्रत्येक साखळीचं डोकं डीएनए वाचतं, धड साखर ओळखतं आणि दोघांना जोडणारा मानेसारखा एक छोटा भाग आहे. डोकं डीएनएवर नीट बसलं की मान हेलिक्सच्या रूपात आवळली जाते. दोन मानांचे हेलिक्स एकमेकांना टेकून डीएनएच्या अरुंद खाचेत घुसतात आणि तिथे डीएनए वाकतो. धडाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग, आणि साखरेची खोबण बरोबर त्यांच्यामध्ये. आयपीटीजी किंवा ॲलोलॅक्टोज तिथे बसला की जोडीतले दोन वरचे भाग एकमेकांच्या संदर्भात थोडे फिरतात. फार नाही, काही अंश. पण मानांचं बूड त्या वरच्या भागांना जोडलेलं असल्यामुळे माना एकमेकींपासून सरकतात, त्यांचा आधार जातो, हेलिक्स विस्कटतो आणि डोकी सुटी होऊन हलायला लागतात. ऑपरेटरवरची पकड जवळपास हजारपटीने ढिली होते.

१९९६मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मिचेल लुईस यांच्या गटाने या प्रथिनाच्या स्फटिकांची क्ष-किरणांनी काढलेली रचना प्रसिद्ध केली. डीएनएला धरलेल्या रिप्रेसरमध्ये डोकी स्वच्छ दिसत होती. आयपीटीजी धरलेल्या रिप्रेसरच्या चित्रात डोक्यांच्या जागी काहीच नव्हतं. डोकी तोडून टाकली नव्हती, होतीच तिथे, पण प्रत्येक रेणूत ती वेगवेगळ्या दिशेला डुलत असल्यामुळे क्ष-किरणांच्या सरासरी चित्रात पुसली गेली. मला हे चित्र फार बोलकं वाटतं. आपण 'नवा आकार' म्हणतो, पण आयपीटीजीने इथे काय दिलं? निश्चित आकार नाहीच, मोकळीक दिली.

इथे मोनोचं दुसरं मोठं काम येतं. १९६५मध्ये जेफ्रीज वायमन आणि जाँ-पिएर शांझ्यू या सहकाऱ्यांबरोबर त्याने एक प्रारूप मांडलं. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला एमडब्ल्यूसी म्हणतात. जाकोब, ल्वॉफ आणि मोनो यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी. प्रारूपाचा गाभा साधा आहे. प्रथिन रेणूची वाट बघत एका आकारात बसलेलं नसतं. ते मुळातच दोन आकारांमध्ये ये-जा करत असतं. साखर नसतानाही काही रिप्रेसर क्षणभर त्या 'सुटलेल्या' आकारात जातात आणि परत येतात. साखरेची खोबण त्या सुटलेल्या आकारात जास्त चांगली बेतलेली असते, म्हणून साखर आली की ती त्या आकारातल्यांना धरून ठेवते आणि पारडं तिकडे झुकतं. साखरेने आकार घडवला नाही, दोनांतला एक निवडला. फरक शब्दांचा वाटेल, पण त्यातून आकडे निघतात. पेशीत रिप्रेसर किती, ऑपरेटरशी त्याची ओढ किती, दोन आकारांतलं अंगभूत प्रमाण किती हे ठाऊक असेल तर किती आयपीटीजीला जनुक किती चालेल याचा आलेख आधी कागदावर काढता येतो. कॅलटेकमध्ये रॉब फिलिप्स यांच्या गटाने २०१८मध्ये नेमकं हेच केलं. जीवाणूंमधल्या रिप्रेसरची संख्या आणि ऑपरेटरची ताकद मुद्दाम बदलून त्यांनी मोजमापं घेतली, आणि ती भाकिताशी छान जुळली. जीवशास्त्रात असं रोज घडत नाही.

आता उलट्या स्वभावाचं प्रथिन घेऊ. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणं ई. कोलायला सगळ्या वीस अमिनो आम्लांत महाग पडतं. आयतं मिळत असेल तर बनवायचं कशाला? म्हणून इथे रेणू असला की जनुकं बंद व्हायला हवीत. ट्रिप्टोफॅन रिप्रेसर हे शंभराच्या थोडं वर अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन आहे, जोडीने राहणारं. पॉल सिग्लर यांच्या गटाने १९८५ ते १९८८ या काळात त्याच्या रचना काढल्या: ट्रिप्टोफॅनसह, ट्रिप्टोफॅनविना आणि डीएनएवर बसलेली. ट्रिप्टोफॅन नसताना वाचणारे दोन्ही हेलिक्स आतल्या बाजूला कलंडलेले असतात, चाकं चाकोरीपेक्षा जवळ. ट्रिप्टोफॅनचे दोन रेणू, दोन्हीकडे एकेक, त्या हेलिक्सच्या मागे पाचरीसारखे बसतात, त्यांना बाहेर ढकलतात आणि अंतर बरोबर डीएनएच्या मापाचं होतं.

पण नुसती पाचर पुरत नाही. ट्रिप्टोफॅनचा एक जुळा म्हणावा असा रेणू आहे, इंडोल प्रोपिओनेट. सगळं तेच, फक्त अमिनो गट नाही. तो याच खोबणीत बसतो, तोही घट्ट. तरी रिप्रेसर कामाला लागत नाही. रचना काढली तेव्हा कळलं की अमिनो गटाचा आधार नसल्यामुळे हा रेणू उलटा होऊन बसतो, आणि त्याचा ऋणभारित कार्बॉक्सिल गट नेमका डीएनएच्या फॉस्फेटसमोर येतो. फॉस्फेटही ऋण, हाही ऋण. डीएनए जवळ येऊच शकत नाही. एका अमिनो गटाच्या फरकाने कामाचा रेणू बिनकामाचा होतो. प्रथिनाला असा ठेंगा दाखवणारे रेणू औषधं शोधणाऱ्यांच्या फार उपयोगाचे असतात. त्याकडे शेवटी वळणारच आहे.

आणखी एक जोडी सांगतो, कारण मोनोच्या त्या फारकतीचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. प्यूर-आर नावाचं प्रथिन लॅक रिप्रेसरचं सख्खं भावंड आहे. तेच डोकं, तीच मान, तेच दोन भागांचं धड, खोबणही त्याच जागी. ते हायपोझँथिन आणि ग्वानिन ओळखतं आणि प्यूरीन, म्हणजे डीएनएच्या काही अक्षरांचा कच्चा माल, बनवणाऱ्या जनुकांवर नजर ठेवतं. पण लॅक रिप्रेसरमध्ये रेणू बसला की पकड सुटते, प्यूर-आरमध्ये रेणू बसला की पकड बसते. शरीर एकच, अर्थ उलटा. आणि हे जीवाणूच्या सोयीचंच आहे: साखर खायची असते, म्हणून ती असताना जनुक चालू, प्यूरीन बनवायचं असतं, म्हणून ते असताना जनुक बंद. उत्क्रांतीला दोन यंत्रं घडवावी लागली नाहीत. दोन आकार आधीच होते, खोबण कोणत्या आकाराला धार्जिणी एवढंच बदलायचं होतं.

हीच उलथापालथ माणसानेही केली आहे. टेट-आर हा टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक ओळखणारा रिप्रेसर. टेट्रासायक्लीन पेशीतली रायबोसोम्स, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, बंद पाडतं. त्यापासून वाचायला जीवाणूकडे एक पंप असतो, औषध बाहेर फेकणारा. पंप स्वतः प्रथिनच, तेव्हा रायबोसोम बंद पडायच्या आत तो बनायला हवा. शिवाय पंप गरज नसताना जास्त बनला तर पेशीलाच बाधतो. म्हणून टेट-आर विलक्षण तिखट आहे. रायबोसोमला औषधाची बाधा होण्याच्या कितीतरी आधी, अगदी थोड्या टेट्रासायक्लीनला तो ओळखतो. टेट्रासायक्लीन मॅग्नेशियमचा आयन बरोबर घेऊन खोबणीत शिरतं, आतल्या एका हेलिक्सचं टोक उलगडतं, त्याच्या धक्क्याने शेजारचा हेलिक्स लंबकासारखा झुलतो आणि त्याला जोडलेली डोकी एकमेकांपासून दूर जातात. किती दूर? सुमारे तीन अँगस्ट्रॉम. माणसाच्या केसाच्या जाडीचे दोन-तीन लाख भाग केले तर त्यातला एक. तेवढ्याने चाकोरी चुकते आणि जीवाणू औषधाला पुरून उरतो.

हायडेलबर्गमध्ये मानफ्रेड गोसेन आणि हेरमान बुयार्ड यांनी १९९२मध्ये हाच टेट-आर सस्तन प्राण्यांच्या पेशींत नेऊन बसवला. एका विषाणूचं चालना देणारं टोक त्याला जोडलं, म्हणजे औषध नसताना जनुक चालू आणि दिलं की बंद. १९९५मध्ये त्यांनी चार अमिनो आम्लं बदललेलं रूप शोधलं ज्यात अर्थ उलटला: औषध दिलं की चालू. उंदरांवर काम करणारे लोक आजही पिण्याच्या पाण्यातून डॉक्सिसायक्लीन, म्हणजे टेट्रासायक्लीनच्याच कुळातलं औषध, देऊन हवं ते जनुक हव्या त्या दिवशी चालू करतात. जीवाणूने औषधाविरुद्ध घडवलेली ढाल अशी कॅन्सरच्या अभ्यासातलं बटण झाली.

इथपर्यंत मी अंतराची गोष्ट सांगत आलो आणि ती बहुतांशी खरी आहे. पण फक्त तीच सांगितली तर तुमची दिशाभूल होईल. कॅप नावाचं प्रथिन बघा. ग्लुकोज कमी पडलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, तो कॅपला चिकटतो, आणि मग कॅप डीएनएवर बसून आरएनए पॉलिमरेझला, म्हणजे जनुक वाचणाऱ्या विकराला, बोलावतो. मोनोच्या आलेखात आधी ग्लुकोज संपायचं त्यात याचाही हात आहे. डीएनए धरलेल्या कॅपची रचना टॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने १९९१मध्ये काढली. त्यात डीएनए जवळजवळ काटकोनात वळलेला दिसतो. सायक्लिक एएमपी नसलेल्या कॅपची रचना मात्र २००९पर्यंत हाती लागली नव्हती. ती खारालांपोस कालोडिमोस यांच्या गटाने एनएमआर या चुंबकीय तंत्राने काढली. तिथे अपेक्षेप्रमाणे आकार बदलतो: मधला लांब हेलिक्स तीन वेढ्यांनी वाढतो आणि डोकी सुमारे ६० अंशांनी फिरून योग्य दिशेला येतात. छान. पण त्याच गटाने त्याच वर्षी कॅपचं एक बदललेलं रूप तपासलं. सायक्लिक एएमपी दिल्यावरही ते जवळजवळ पूर्णपणे 'बंद' आकारातच राहत होतं. अशा प्रथिनाने डीएनएकडे पाठ फिरवायला हवी. पण त्याने डीएनए चांगला घट्ट धरला!

हे कसं? प्रथिन म्हणजे कोरीव दगड नव्हे, ते सतत थरथरत असतं. डीएनए धरताना या थरथरीत काय फरक पडतो, ती दबते की वाढते, याचाही हिशोब ऊर्जेत धरावा लागतो. या बदललेल्या कॅपमध्ये तो हिशोब डीएनएच्या बाजूने लागला, आकार न बदलता. अशी शक्यता ॲलन कूपर आणि डेव्हिड ड्रायडन यांनी १९८४मध्ये कागदावर मांडली होती. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. मेट-जे हा मिथिओनिनच्या जनुकांचा रिप्रेसर तर याहून साधा मार्ग वापरतो. त्याला चिकटणारा रेणू डीएनएच्या विरुद्ध बाजूला बसतो आणि आकार जवळपास तसाच राहतो. रेणूवर धनभार असतो आणि डीएनए ऋणभारित, त्या ओढीनेच काम भागतं. म्हणून माझी विनंती अशी की 'आकार बदलतो' हे वाक्य वर्गात शिकवा जरूर, पण त्याला एक शेपूट जोडा: आकार, थरथर आणि विद्युतभार यांपैकी काहीही एक, किंवा तिन्ही थोडेथोडे.

आता याचा उपयोग. प्रयोगशाळेत लॅक रिप्रेसरची खोबण बदलून त्याला सुक्रलोज या कृत्रिम साखरेसारख्या, निसर्गात कधी न भेटलेल्या रेणूला ओळखायला शिकवलं गेलं आहे. पाण्यातलं शिसं, जस्त किंवा प्रतिजैविकं शोधणाऱ्या चाचण्या याच कुळातल्या प्रथिनांवर उभ्या राहत आहेत. पेशी न वापरता, वाळवलेलं मिश्रण असलेल्या नळीत पाणी टाकलं की चकाकी. हे सगळं होईल. मला मात्र क्षयरोगाबद्दल जास्त सांगायचं आहे, कारण औषधांना न जुमानणारा क्षय हा आपल्या मुंबईचा रोजचा प्रश्न आहे.

अशा क्षयावर वापरलं जाणारं एक जुनं औषध म्हणजे इथिओनामाइड. ते ज्यांनी घेतलं आहे, किंवा घरात कोणाला घेताना पाहिलं आहे, त्यांना मळमळ, उलट्या आणि यकृताचा त्रास वेगळा सांगायला नको. निम्मे रुग्ण गोळीलाच घाबरतात असं म्हटलं तर डॉक्टर मंडळी मान डोलावतील. अडचण अशी की इथिओनामाइड जसंच्या तसं निरुपयोगी आहे. क्षयाच्या जीवाणूच्या आत गेल्यावर त्याचंच एथ-ए नावाचं विकर त्याला विषात बदलतं. आणि एथ-एच्या जनुकावर कोण बसलं आहे? एथ-आर, टेट-आरच्याच कुळातला रिप्रेसर. विकर थोडं बनतं, औषध थोडंच जागं होतं, म्हणून डोस वाढवावा लागतो, आणि त्याची किंमत रुग्णाचं पोट आणि यकृत मोजतं.

२००४मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने एथ-आरचा स्फटिक केला तेव्हा त्याच्या खोबणीत एक लांबलचक तेलकट रेणू आपोआप येऊन बसलेला सापडला, आणि त्या रूपात डोक्यांमधलं अंतर डीएनएला बसणार नाही एवढं वाढलेलं होतं. कोणी ठरवून ठेवला नव्हता तो रेणू. पण वाट दिसली: असा रेणू मुद्दाम बनवला तर? २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असे रेणू बनवून उंदरांना इथिओनामाइडबरोबर दिले गेले, आणि तिसऱ्या हिश्शाच्या औषधाने तेवढाच परिणाम साधला. यात जीवाणूला मारणारा नवा रेणू काहीच नाही. नव्या रेणूने फक्त रिप्रेसरला जागेवरून उठवलं, पुढचं काम जीवाणूच्या विकराने स्वतःच्या विरोधात केलं. २०१७मध्ये त्याच वाटेने आणखी एका रिप्रेसरला, एथ-आर२ला, हलवून वेगळ्याच विकरांकरवी इथिओनामाइड जागं करता येतं असं दिसलं. एथ-ए बिघडलेले, म्हणून औषधाला निर्ढावलेले जीवाणूही त्यामुळे पुन्हा औषधाला बळी पडले. याच विचाराचा, पण व्हिर-एस या वेगळ्या नियंत्रक प्रथिनावर काम करणारा अल्पिबेक्टिर नावाचा रेणू आता माणसांवरच्या चाचण्यांत पोचला आहे.

जीवाणू यावरही तोडगा काढेलच. खोबणीतलं एखादं अमिनो आम्ल बदललं आणि रेणू बसेनासा झाला, तर रिप्रेसर पुन्हा ठाण मांडेल. मूळ औषधाला चुकवायचे त्याचे वेगळे मार्गही आहेतच. पण वेगवेगळ्या औषधांना चुकवणारे बदल एकाच पेशीत एकत्र येणं तुलनेने दुर्मीळ, आणि क्षयाच्या उपचारात अनेक औषधं एकत्र देण्यामागे हाच हिशोब आहे. हे गणित माणसाच्या फुप्फुसात, महिनोन्‌महिन्यांच्या उपचारात कसं चालतं, ते चाचण्यांतूनच कळेल. माझं एवढंच होतं. आता प्रश्न घेऊ या. मागे उभ्या आहेत त्या ताईंनी मघापासून हात वर केला आहे, आधी त्यांच्याकडे माइक द्या.